निळ्या रेघांवरचे बोअर

डोंगराळ जिल्ह्यातल्या भूजलाचा नकाशा पूर्ण करून मी मलकपेठच्या घरी परतले, त्याला वर्ष होत आलं होतं. एका रविवारी माझा धाकटा चुलतभाऊ आला. सुलतान बाजारात त्याचं पंप-मोटारींचं दुकान आहे. हातात मिठाईचा डबा आणि शाल.

"कोणाचं लग्न ठरलं?" मी विचारलं.

"तू बस तर आधी, अक्का." त्याने शाल माझ्या खांद्यांवर घातली आणि माझ्या आईला हाक मारली, "काकू, जरा फोटो काढा आमचा."

मग कळलं. भागीदारीत त्याने बोअर मारायची गाडी घेतली होती आणि ती त्याच जिल्ह्यात फिरत होती.

"तुझा नकाशा मोबाइलमध्ये आहे ना. निळ्या रेघेवर गाडी लावायची, बस्स. एक बोअर फेल गेला नाही. लोक म्हणतात, माझ्या हाताला गुण आहे."

निळ्या रेघा म्हणजे खडकातल्या भेगा. पावसाचं पाणी त्यांतून मुरतं आणि खालच्या वस्तीच्या झऱ्याला येतं. त्या भेगांवर कोणी बोअर मारू नये, एवढ्यासाठी आम्ही डोंगर पायाखाली घातला होता. सगळ्यांना पाहता यावा म्हणून कचेरीने नकाशा वेबसाइटवर ठेवला होता, खाली सूचना लिहून.

"खालचं वाचलंस का?"

"बारीक अक्षरात काहीतरी होतं. का गं?"

"शाळेमागच्या उतारावर मारलास?"

"हौ, तिथेच तर सगळ्यात जास्त पाणी लागलं."

आईने पुढे केलेला पेढा मी हातात धरूनच बसले. त्याला वाटलं, मला भरून आलं.

तो गेल्यावर मी त्या वस्तीतल्या बाईला फोन लावला. सगळं मोजमाप होईपर्यंत ती आमच्याबरोबर हिंडली होती. झरा उन्हाळ्याच्या आधीच आटला होता.

"मला कळवलं का नाही?"

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं, मॅडम. ते बोअरच्या गाडीवाले तुमचाच नकाशा दाखवत होते."

पुढच्या आठवड्यात मी भावाला घेऊन गेले. झऱ्याच्या तळाशी वाळलेलं शेवाळ होतं, पोरं त्यात गोट्या खेळत होती. तो खाली उतरला आणि शेवाळाचा एक पापुद्रा उचलून बघू लागला.

"मी वरूनच परतायचो, अक्का. इकडे खाली कधी आलोच नाही."

शाळेमागच्या बोअरचा मालक आधी ऐकेना. जमीन माझी, पाणी माझं, एवढंच म्हणत राहिला. भाऊ त्याच्या ओसरीवर ठाण मांडून बसला. शेवटी वस्तीच्या टाकीला रोज सकाळी पाणी सोडायला मालक कबूल झाला. पाइप भावाच्या दुकानातून आला. पुढचा पावसाळा बरा झाला, तरी झरा काही परत फुटला नाही. भावाची गाडी अजून चालते, पण डोंगरात जात नाही.

कचेरीने निळ्या रेघा वेबसाइटवरून काढल्या. किती जणांच्या मोबाइलमध्ये त्या आधीच पोचल्या होत्या, कोण जाणे. आता आम्ही गावसभा त्या उतारावरच घेतो आणि भेगा हाताने दाखवतो. पहिल्या सभेत ती बाई उठून उभी राहिली. तिने विचारलं, "इथे बसलेल्यांत गाडीवाला कोण आहे, ते आधी सांगा."