डुकरांच्या हाकेनं

पंगत उठली की मळ्याचे तात्या ओट्यावर यायचे, तोंडाला हात लावायचे आणि मला हाक मारायचे. नावानं नाही.

"हुऱ्याऽऽ, हुऱ्या, हुऱ्या!"

ही आमच्या डुकरांची हाक.

मांडवातली माणसं पोट धरून हसायची. मांडवाबाहेर पातेलं घेऊन बसलेली मी उठायचे. जायचे. बुंदीसाठी. वर हसायचेसुद्धा. हसलं की पळीभर जास्त पडते, हा माझा तेव्हाचा मोठा शोध.

आम्ही कैकाडी. वडगाव निंबाळकरच्या बाजूला, पाटाच्या कडेला गायरानात आमचं पाल. बाप पाट्या-कणग्या विणायचा. डुकरं माझ्याकडं. सकाळी सोडली की दिवसभर ओढ्यात मुळं उकरत, चिखलात लोळत हिंडायची. दिवस कलला की मी हाक मारायचे. प्रत्येक घराची हाक वेगळी. पिल्लू आईला पितं तेव्हापासूनच ती त्याच्या कानात घालायची. मग गाव ओरडू दे, ते तुमच्याच हाकेला वळणार. माझी हाक मला आईनं दिलेली. दागिना म्हणावा असं माझ्याकडं तेवढंच.

तात्यांनी ती ऐकून ऐकून उचलली. मळ्यात खुरपायला बोलवायचं तरी तीच, शेणाची पाटी उचलायला तरी तीच.

मग त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. इंदापूरकडचे व्याही. पहिली पंगत मांडवात बसलेली. व्याह्यांना गंमत दाखवायची म्हणून तात्यांनी पंगत उठायच्या आधीच हाक दिली. अगदी जीव ओतून.

नक्कल उत्तम होती, मान्य केलं पाहिजे. माझ्याआधी डुकरांनी मान्य केलं.

ओढा मांडवाच्या मागंच. आधी काळी मादी आली, मागं तिची पिल्लं, मग सगळा गोतावळा. कनात पाडून थेट पंगतीत. पत्रावळी, भात, बुंदी. व्याही धोतर सावरत बैलगाडीवर चढले. कुणी काठी हाणली की डुकरं किंचाळत आणखी आत घुसायची.

"ए, बोलव त्यांना भाईर!" तात्या माझ्यावर ओरडले.

बापानं माझा दंड धरला. "बोलव गं बाई. पाल उठवतील आपलं."

तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तात्यांनी हाक मारली की मी धावणार. मी मारली की डुकरं धावणार. मग माझ्यात आणि डुकरात फरक काय? एवढाच, की डुकराला नाही म्हणता येत नाही.

"न्हाय बोलवत," मी म्हणाले. "तुमीच बोलावलं, तुमीच घालवा. न्हायतर माझं नाव घिऊन सांगा."

तात्या थबकले. चालायला लागल्यापासून मी त्यांच्या मळ्यात राबत होते. ते बापाकडं वळले. "काय रं हिचं नाव?"

बाप सांगायला लागला. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"मला इचारा. मी हितं उभी हाय."

नाही विचारलं. पंगत गेली, व्याही रुसले, पण नाव नाही विचारलं. डुकरं पोटभर जेवली आणि आपल्या पायांनी ओढ्याकडं गेली. त्या मांडवात त्या दिवशी तीच तेवढी तृप्त होऊन उठली.

दुसऱ्या दिवशी आमचं पाल उठवलं. सांगवीच्या वाटेनं बाप पाट्या-कणग्या डोक्यावर घेऊन पुढं चालत राहिला. आई तेवढी म्हणाली, "भांडायच्या आधी बुंदी तरी उचलायची व्हतीस!"

आज घरातली पोरं म्हणतात, म्हातारी बहिरी झाली. नाही झाले. मला सगळं ऐकू येतं. 'ए बाई' ऐकू येतं, 'ए कैकाडणी' ऐकू येतं, चुटकी आणि शिट्टीसुद्धा. मी वळत नाही, एवढंच. त्यापायी कामं गेली, जाऊ देत. माझ्या लेकींनाही सांगून ठेवलंय. नावानं बोलावल्याशिवाय उठायचं नाही. पोटात आग पडली असली तरी नाही.