बेशरमाचा बांध

आमची वाटणी झाली तेव्हा शेताच्या मध्ये दगड रोवले नाहीत. दगड रात्रीतून सरकतात, असं थोरल्या दिरांचं म्हणणं. मग वाटणीला बसलेल्या गावातल्या आबांनी तोडगा काढला, बेशरमाच्या काड्या लावा. बेशरम काही केल्या मरत नाही आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. दोघा भावांनी सुतळी धरली, काड्या खोचल्या. नाल्याकडची पट्टी आम्हाला आली, कारण ती कोणाला नकोच होती.

त्या पट्टीत मी वाफे केले. मेथी, कोथिंबीर, पुढं मिरची. टेंभुर्णीच्या बाजारात डोक्यावरून नेऊन विकली. भाव कसा धरायचा, पाठ फिरवलेलं गिऱ्हाईक परत कसं आणायचं, हे मला कोणी शिकवलं नाही. दुष्काळात खडी फोडली होती मी. पुन्हा दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

बेशरम मात्र एका जागी राहणारं नव्हतं. काडी वाकून मातीला टेकली की तिथं मूळ धरते. दीर दरवर्षी नांगर कुंपणाला चिकटून घालायचे, म्हणून तिकडचं मोडायचं. आमच्या बाजूला ओल, म्हणून इकडचं वाढायचं. काही वर्षांत कुंपण चालत चालत माझ्या मिरचीपाशी आलं. नवऱ्याला, आमच्या मालकांना, मी हे दाखवलं. ते म्हणाले, "बघू."

एका उन्हाळ्यात दिरांनीच ठरवलं, बेशरम काढून जाळायचं. सकाळी ते कुदळ घेऊन आले, मागून माझी जाऊ आली. मी लगेच आबांना बोलावणं पाठवलं. आबा आले, आमचे मालकही येऊन उभे राहिले. मला भीती एकच होती. कुंपण गेलं की मोकळ्या रानात दिरांचा नांगर माझ्या वाफ्यांतून फिरणार, आणि मग तोच बांध ठरणार.

थोरल्या दिरांशी सरळ बोलायची आमच्यात रीत नव्हती. पदर पुढं ओढून, तोंड फिरवून, जावेमार्फत बोलायचं. ते माझ्यापासून चार पावलांवर होते, तरी जाऊ मध्ये उभी.

"तिला सांग, हे आज काढायचंच. साप निघून राह्यले."

"ऐकलं का गं?" जाऊ म्हणाली.

"ऐकलं बाई. त्यांना म्हणावं, साप काय याच वर्षी जन्मले? मला कुडाच्या ताट्या विणायला काड्या लागतात. नाला फुगला तर माती कशानं धरायची?"

"तिला म्हणावं, ताट्या विकून माडी बांधायची का?"

"मला कशाला मधी घालता?" जाऊ वैतागली. "दोघांचे कान शाबूत हायेत की!"

आबा हसले. मला हसू आलं नाही. दीर ठरवून आले होते, नको म्हणून ऐकणार नव्हते. बाजारात गिऱ्हाईक एका गोष्टीला अडून बसलं, की मी ती गोष्ट सोडून देते आणि दुसरी धरते.

"बरं," मी म्हणाले. "त्यांना म्हणावं, काढा. पण वरून कापून जाळायचं न्हाई. मुळापासून खणायचं, अन् तिकडं त्यांच्या तासातबी खणायचं. वाटणीच्या वेळचे जुने बुंधे जिथं निघतील, तिथं बांध."

दिरांचा चेहरा बदलला. "माझ्या नांगरल्या रानात कुदळ? बिलकुल न्हाई!"

जाऊ माझ्याकडं वळत होती. मी थांबले नाही. दिरांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "का? तिकडं साप न्हाईत का?"

दिरांनी कुदळ उचलली.

"बेशरम!" दीर म्हणाले. कुदळीचं टोक कुंपणाकडं होतं, नजर माझ्यावर.

"झाडाला म्हणले गं," जाऊ घाईनं म्हणाली.

"झाडानं ऐकलं," मी म्हणाले. "आता खणा."

आबांनी दिरांच्या हातातली कुदळ घेतली. "काड्या मीच लावायला लावल्या व्हत्या. मलाच बघू द्या." त्यांनी कुंपणापलीकडं, दिरांच्या तासात घाव घातला. थोडं खाली मनगटाएवढा बुंधा लागला, नांगराचे वार खाऊन काळा पडलेला. कुदळ बसली तसा पांढरा चीक आला. पुढं खणलं, तिथं दुसरा, मग तिसरा, सगळे एका ओळीत. सुतळीची ओळ ती. कुंपणापासून चांगली दोन पावलं आत, दिरांच्या रानात.

"आता काय म्हणतो?" आबांनी दिरांना विचारलं.

दिरांनी आमच्या मालकांकडं बघितलं. "वाटणीदार हा हाय. यानं बोलावं."

इतका वेळ हे पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत उभे होते. मला बेशरम म्हटलं तेव्हाही यांचं तोंड उघडलं नव्हतं. आता उघडलं.

"ऱ्हाऊ दे दादा. तेवढं तुलाच. बांध हाय तिथंच ऱ्हाऊ दे."

जमीन यांच्या नावावर. आबांना पुढं बोलायला जागाच उरली नाही. माझ्या अंगाची आग झाली, पण आग पाखडून वाफे वाचणार नव्हते. खणलेलं बघायला सगळे कुंपणातूनच पलीकडं गेले, त्यात निम्मं कुंपण मोडलं होतं. ते तसंच सोडलं असतं, तर 'हाय तिथंच' म्हणजे कुठं, हे उद्या नांगरानं ठरवलं असतं.

मी मोडलेल्या काड्या उचलल्या आणि आबा उभे असेपर्यंत, होत्या त्याच ओळीत एकेक रोवत गेले. दीर बघत राहिले. जाऊ काड्या माझ्या हातात देऊ लागली. मालक कुठून तरी कळशी भरून घेऊन आले.

"बेशरमाला पाणी लागत न्हाई," मी सगळ्यांसमोर त्यांना सांगितलं.

त्या दिवसापासून दिरांशी मी सरळ बोलू लागले. यांच्याशी मात्र लागेल तेवढंच बोलत आले.