एन्नोरचे घरचे सामने

अन्याय झाला तो एन्नोरच्या बास्केटबॉल संघावर. अर्धा हंगाम संपला त्यानंतर दोन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी अकरा वाजता. लीगने त्यांचे उरलेले सगळे घरचे सामने काढून घेतले आणि अण्णा नगरच्या बंद, थंडगार स्टेडियममध्ये नेले. कारण म्हणून प्रेक्षकांच्या सह्यांचं एक पत्रक दाखवलं. ते पत्रक मी लिहिलं होतं.

हंगाम सुरू झाला तेव्हा कुणालाही विचारलं असतं तरी एकच उत्तर मिळालं असतं: महिलांच्या या लीगमध्ये अण्णा नगर पहिलं येणार. आमच्याकडे परदेशी प्रशिक्षक, फिजिओ, स्वतःची बस. समर्थक मंडळाची पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. एन्नोर म्हणजे समुद्राकाठचं उघडं सिमेंटचं कोर्ट. ओरगडम म्हणजे कालपरवापर्यंत मोटारींच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या मुली. त्यांचं नाव घेतलं तरी आमच्या गॅलरीत लोक हसायचे. आणि अर्ध्या हंगामाचा तक्ता लागला तो असा: एन्नोर पहिलं, ओरगडम दुसरं, आम्ही शेवटून दुसरे.

ओरगडमचं मला काही वाटलं नाही. खरंच. टाळ्यासुद्धा वाजवल्या. एन्नोरचं मात्र सोसवेना, कारण एन्नोरची कॅप्टन कॉलेजात माझ्या संघात होती. तेव्हा कॅप्टन मी. ती बाकावर बसायची, आणि बसवायचे मीच. "तुझा शॉट फार सपाट जातो," असं ऐकवून. त्यांच्या कोर्टवर वारा चेंडू उचलून नेतो, म्हणून तिथल्या मुली लहानपणापासून तो खालून, फळीवर आपटून टाकायला शिकतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. विचारलं कुठे होतं? आता तोच शॉट लीगमध्ये कुणाला अडवता येत नाही, आणि समालोचक त्याचं कौतुक करताना थकत नाहीत. मी तिचे व्हिडिओ आवाज बंद करून बघायचे. चुकलेला शॉट दिसला की पुन्हा मागे नेऊन.

पत्रकाला वेळ लागला नाही. एन्नोरच्या हवेवर मी पूर्वी एक लिहिलं होतं, वीजकेंद्रांच्या राखेवर, मुलांच्या खोकल्यावर. त्यासाठी मच्छीमारांच्या वस्त्यांत उन्हातान्हात फिरले होते. तेच उघडलं. 'मुलांची फुप्फुसं' होतं तिथे 'खेळाडूंची फुप्फुसं' केलं आणि खालची मागणी बदलली. एकही वाक्य खोटं नव्हतं. निम्म्या सह्या आपल्याच तंजावर मराठी मंडळींच्या जेवणावळीत मिळाल्या. आपल्यातल्या मुलीने कागद पुढे केला की वाचत बसायचं नाही, सही करायची, ही आपली रीत. दुसऱ्यांदा सांबार वाढायच्या आत कागद पंगतीतून फिरून परत आला.

वाचला तो फक्त अप्पांनी. माझे वडील निवृत्त शिक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांचे निबंध तपासले.

"कागदावर एन्नोरचा धूर आहे," ते म्हणाले. "पोटांत वयित्तेरिच्चल आहे की नाही, तें सांग."

वयित्तेरिच्चल म्हणजे पोटातली जळजळ, दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही तेव्हाची. आमच्या घरात ती तमिळमध्येच होते.

"सुम्मा उगीच काहीतरी बोलू नका, अप्पा. हवेचा प्रश्न आहे."

"हवा तिथें काल आली काय?" त्यांनी कागद परत दिला. सही केली नाही.

मग एन्नोरचा पहिला 'घरचा' सामना अण्णा नगरला झाला, ओरगडमविरुद्ध. तिकडे चारी भिंतींवर माणसं चढून बसतात. इथे त्यांच्या बाजूच्या दोन रांगाही भरल्या नाहीत. इतक्या लांब दोन बस बदलून कोण येणार? हरल्या. आणि मला बरं वाटलं. लपवत नाही, अगदी गार वाटलं.

बाहेर पायऱ्यांवर ती बुटांच्या नाड्या सोडत बसली होती.

"काय गं कॅप्टन, पत्रक तुझं ना?"

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुझं जुनं आमच्या रेशन दुकानाच्या भिंतीवर अजून आहे. पाठ आहे मला." तिने एक बूट काढून बाजूला ठेवला. "त्यात म्हणाली होतीस, धूर हलवा. यात म्हणतेस, आम्हाला हलवा."

मी फुप्फुसांबद्दल काहीतरी बोलायला लागले.

"अगं, सामना दोन तासांचा. नंतर घरी जाऊन आम्ही त्याच हवेत झोपतो. ते दोन तासच तेवढे तुला टोचले?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "आजपर्यंत आईने माझा एकही सामना चुकवला नव्हता. कॉलेजात बाकावर बसवलंस, ठीक, तुझा संघ होता. हा माझा आहे."

तिने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली.

मत्सर गेलेला नाही. परवा तिचा शॉट फळीवरून जाळीत गेला तेव्हा माझे दात आवळलेच. माझ्या पोटात काय जळतं ते माझं मी बघेन. त्याचा दंड एन्नोरने का भरायचा? मी लीगला कळवलं: पत्रक माझं, आणि हेतू हवेचा नव्हता. त्यांचं उत्तर आलं की सह्या एकटीच्या नाहीत.

बरोबर आहे. त्यातल्या निम्म्या तुमच्या आहेत, पंगतीत बसलेल्या मंडळींनो. एका हाताने केळीचं पान सावरत, दुसऱ्या हातात माझं पेन घेऊन तुम्ही त्या केल्यात. एन्नोरचा पुढचा घरचा सामना येत्या रविवारी आहे. त्याआधी लीगला तुमच्या हाताने लिहा: माझी सही मी मागे घेतो, मागे घेते, एन्नोरचे सामने एन्नोरला परत द्या. उद्या नको, आज लिहा. आणि या वेळी सही करण्याआधी वाचा.