मामाची मांडी

नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधायला आमच्याकडं कुणी विसरत नाही. चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फोडतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात. लेकराच्या गालाला काळी तीट, पायात काळा दोरा. एवढा सगळा बंदोबस्त झाला की त्याच लेकराला पुढच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीवर बसवतात आणि गाडी सुसाट सोडतात. हे लिहिताना माझं डोकं तापतं. तापू दे.

माझ्या मुलासाठी मी पुण्याहून लहान मुलांची सीट मागवली होती, गाडीत मागं लावायची, पट्ट्यांची. कळंबला आमच्या घरी ती आली तेव्हा बघायला सगळी गल्ली लोटली. सासूबाईंनी विचारलं, असं बांधून न्यायला लेकरू म्हणजे काय वासरू आहे का. सगळे हसले. मीही हसले आणि सीट लावलीच. नवरा मध्ये पडला नाही. आईचंही खरं आणि बायकोचंही खरं, असा त्याचा कारभार. लेकरू आधी रडलं, मग सवय झाली तसं त्या सीटमध्ये बसल्या बसल्या झोपायलाही लागलं.

त्याचं जावळ येरमाळ्याला देवीपुढं काढायचं ठरलं. पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढतात, म्हणून माझा धाकटा भाऊ मुरुमहून मुद्दाम आला. जाताना लेकरू सीटमध्येच होतं. देवळापुढं न्हावी केस काढत होता आणि ते मामाच्या मांडीवर हातपाय झाडत होतं. मग त्या गोट्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि भाऊ ते पुसलं जाऊ नये म्हणून कडेकडेनं हात फिरवत बसला. इतकी सुखी मी नंतर कधी झाले नाही.

परत निघताना मी त्याला सीटमध्ये बसवून पट्टे लावले. ते भुकेजलेलं होतं, रडायला लागलं. सासूबाईंनी पट्टे सोडले.

"आज जावळाचं लेकरू हाय ते," त्या म्हणाल्या. "आज त्याची जागा मामाच्या मांडीवर."

देवापुढचा मान त्यांनी असा गाडीपर्यंत ताणला. असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. मी नको म्हणाले, पुन्हा म्हणाले. नवरा म्हणाला, चांगल्या कामाला आलोय, तोंड वाकडं करू नको, कळंब काय लांब आहे का. भाऊ भाच्याला घेऊन पुढं बसला. पट्टा लेकराला काचेल म्हणून त्यानं स्वतःलाही लावला नाही. गाडी टिंवटिंव करायला लागली, तेव्हा पट्टा पाठीमागून नेऊन खटक्यात अडकवला. गाडी गप्प झाली. गाडीला गप्प करण्यात आमची माणसं फार हुशार.

वळणापलीकडं उसाची ट्रॉली चाक फुटून उभी होती. भर उन्हाची वेळ, सगळं स्वच्छ दिसत होतं, पण वळण संपेपर्यंत ट्रॉली दिसली नाही. नवऱ्यानं ब्रेक दाबला, तरी गाडी जाऊन धडकलीच. मागं बसलेल्या आम्हाला साधं खरचटलं नाही. पुढची एअरबॅग उघडली आणि भाऊ तिच्यावर आदळला. माझं लेकरू त्या दोन्हींच्या मध्ये होतं.

लोक भेटायला आले. देवीनंच नेलं, म्हणाले. तेवढंच आयुष्य घेऊन आलं होतं, म्हणाले. पट्ट्याचं नाव एकानंही काढलं नाही. भाऊ कितीतरी महिने माझ्यासमोर आला नाही. त्याच्यावर मला राग धरवत नाही आणि सोडवतही नाही. त्यानं लेकराला घट्ट धरलं होतं. घट्ट धरलं की झालं, असं त्याला वाटलं. इथं सगळ्यांनाच तसं वाटतं.

आता भावाला मुलगी झाली आहे. यंदा तो, भावजय आणि माझी आई तिला घेऊन आमच्याकडं आली. पोरगी नुकती बसायला लागली आहे, कुणाकडंही बघून हसते. सगळी परत निघाली तेव्हा मी माळ्यावरची सीट काढली, पुसली आणि अंगणात आणून ठेवली. भावजय मागं सरकली. तिनं पदर लेकीच्या तोंडावर ओढला. मला कळलं. मी म्हणाले, ही नको असेल तर नवी घेऊन देते, पण पोरीला पुढं मांडीवर नेऊ नका. भाऊ गाडीत पिशव्या ठेवायला लागला.

आई माझ्याजवळ आली. माझा हात हातात घेऊन हळू बोलली.

"बाई, तू लई सोसलंस. पण लेकरू निघताना तुज्या तोंडून असलं अभद्र नको. आन् तुज्या हातची वस्तूबी नको."

पुढच्याला ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आमच्यात ज्याला ठेच लागते तोच अपशकुनी ठरतो. ही गोष्ट या घरात ज्या एका बाईला अंगावर घेऊन कळली आहे, तिनंच ती बोलायची नाही. मग कुणी बोलायची?

भावजय पुढं बसली, पोरगी मांडीवर. माझ्या तोंडात शब्द आला होता. पण आता बोलले आणि वाटेत काही झालं, तर तेही माझ्याच तोंडामुळं झालं असं म्हणतील, हे मला माहीत होतं. मी तोंड मिटून उभी राहिले. भावजयीनं काच खाली केली आणि लेकीचा हात धरून मला टाटा करायला लावला. मीही हात हलवला.