बाविसाव्या खणातली चिठ्ठी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोपरीच्या एका शाळेत तिसरीला शिकवत होते. प्रशिक्षणातून एक नवं खूळ डोक्यात घेऊन आले होते, गणिताच्या कार्डांचं. मुलांनी कार्ड उचलायचं, पाटीवर सोडवायचं, मागचं उत्तर पाहून स्वतःच तपासायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यात आपल्या नावाची चिठ्ठी पुढच्या खणात सरकवायची. चुकलं तर चूक आपली आपण शोधायची, बाईंना विचारायचं नाही. हा नियम मी मोठ्या रुबाबात केला होता.

त्याचं सोनं केलं ते एका कोळ्याच्या मुलीनं. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण आलं की मासळी जास्त. मग ती आईबरोबर बाजारात. चार-चार दिवस शाळेत पत्ता नाही. अशी मुलं मागे पडतात, आणि आम्ही त्यांनाच बोल लावून मोकळ्या होतो. ही मात्र परत आली की सोडलेल्या ठिकाणाहून कार्ड उचलायची. दिवाळीनंतर ती एकेचाळिसाव्या कार्डावर होती, रोज येणारी मुलं अजून तिशीत.

मग शाळेची तपासणी ठरली. मुख्याध्यापक हजेरीपट घेऊन तक्त्यासमोर उभे राहिले. इतकी गैरहजर मुलगी सगळ्यांच्या पुढे कशी, साहेब तक्ताच खोटा समजतील, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती. आज हे सांगतानाही लाज वाटते. शाळा सुटल्यावर मीच तिची चिठ्ठी काढून बाविसाव्या खणात लावली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. हजेरीपट आणि तक्ता छान जुळले. मुलं आपापल्या गतीनं शिकतात असा शेरा लिहून ते पलीकडच्या खोलीत चहाला गेले.

ती तक्त्यासमोरून हलली नव्हती. "बाई, माजा काय चुकला?"

काही चुकलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण भिंतीपलीकडे साहेबांच्या कपबशीचा आवाज येत होता. मी म्हटलं, "तूच शोध."

तिनं बाविसावं कार्ड घेतलं. सोडवलं, मागे पाहिलं, बरोबर आलं. पाटी पुसून पुन्हा सोडवलं. मधली सुट्टी झाली, वर्ग रिकामा झाला, तरी ती पुसतच होती. चूक सापडत नव्हती, आणि चूक आपलीच आहे याबद्दल तिला शंका नव्हती.