पाच देशांचं विमान आणि आमच्या मिल्याची मशीन

ज्या विमानानं मिल्याला मारलं, ते अजून उडालेलंच नाही.

काल सकाळी शेडमध्ये मशीन पुसता पुसता तो खाली बसला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

मी म्हणतो, वाट पाहून मेला.

मिलिंद, माझा पार्टनर. तो बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, मी नांदगाव खंडेश्वरचा. अमरावतीत डिप्लोमाला एका बाकावर बसलो आणि नंतर एमआयडीसीत एका शेडमध्ये. भांडण रोज व्हायचं, अबोला कधीच नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आमची गोष्ट माहीत नाही, म्हणून सांगतो.

आपल्यासकट पाच देशांनी मिळून लष्करासाठी एक मोठं विमान बनवायचं ठरवलं. जीपा, तोफा, औषधांच्या पेट्या पोटात घेऊन उडणारं. त्याच्या तळाला सामान बांधायच्या कड्या असतात. त्या कड्यांचं काम या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरत फिरत आमच्या शेडपर्यंत आलं.

मिल्या त्या दिवशी अक्षरशः नाचला.

"अबे संज्या, दोर बांधाची कडीच तं आहे! पन आपली कडी आभायात जाईन!"

पहिला पीस केला. तपासायला बाहेरून साहेब आले. पीस पास, मशीन पास, सेटिंग पास. जाताना एवढंच म्हणाले, आता याच मशीनवर, याच सेटिंगवर काम करायचं. काही हलवलं तर अप्रूवल पुन्हा पहिल्यापासून.

झालं. मिल्यानं मशीनवर चादर टाकली. ऑर्डर आली की चादर काढायची.

त्याची लेक अस्मिता तेव्हा बालवाडीत होती. आता ती कॉलेजात जाते.

चादर तिथंच आहे.

आधी इंजिनावरून अडलं. एका देशाला इंजिन आपल्याच कारखान्यात हवं होतं, दुसऱ्याला आपल्या. मग एकाला विमान मातीच्या धावपट्टीवर उतरायला हवं होतं. त्यासाठी चाकं बदलली, वजन वाढलं. वजन वाढलं म्हणून पंख बदलले. खर्च इतका फुगला की एकेक देश म्हणू लागला, आम्हाला कमी विमानं द्या. कमी विमानं म्हणजे प्रत्येक विमान आणखी महाग. बारभाईंची शेती, काय लागणार हाती!

दर वेळी फोनवर तेच. सर, प्रोग्रॅम थोडा पुढे सरकलाय.

थोडा!

त्या साहेबांचं काय जातं हो? त्यांची मीटिंग पुढे सरकते. आमची सगळ्यात मोठी मशीन चादरीखाली होती, आणि आम्ही जुन्या लेथवर पंपाचे बुश करत होतो.

कापसाच्या हंगामात अकोल्याचा एक जिनिंगवाला यायचा. जुन्या शहरातला, तोंडाचा मोठा फटकळ माणूस. त्याला ती मशीनच हवी असायची.

"मिलिंदभाऊ, एवढी मोठी मशीन झाकून काहून ठेवली? बाळंतीण आहे काय ते?"

"बुक आहे शेठ."

"कोनासाठी?"

"विमानासाठी."

शेठ खो खो हसायचा. मिल्या त्याला चहा पाजायचा आणि परत पाठवायचा.

मी किती भांडलो! "अबे, खोल ते. खड्ड्यात गेलं विमान!"

तो म्हणायचा, "आन उद्या फोन आला तं? देशाचं काम आहे रे संज्या. आपल्या वऱ्हाडातून एवढं एकच चाललं तिकडं."

मी पाय आपटत जुन्या लेथकडे जायचो.

मागच्या महिन्यात फोन आला. विमानाचा तळ नव्यानं डिझाइन होणार आहे, कडी वेगळी असेल, जुना पीस आता चालणार नाही. संपलं. त्या सेटिंगचा आता जगात कुणालाच उपयोग नव्हता.

मिल्यानं फोन ठेवला, कापड घेतलं आणि मशीन पुसायला लागला.

"फिरतील ते. जुन्या डिझाइनवरच येतील, पायजो तू."

त्या दिवसापासून तो नीट जेवला नाही, असं छाया वहिनी सांगतात. मला का नाही सांगितलं कुणी? सांगितलं असतं तरी मी काय करणार होतो? कुठं जाऊन ओरडू? पाच देशांच्या दारात?

आज सकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला म्हणाल्या,

"भाऊजी, एक खरं सांगा. ते इमान उडनार होतं ना?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणू?

मग म्हणाल्या, "मशीन खोला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत थांबू नका, आजच खोला. लय वाट पायली या घरानं."

शेडमध्ये येऊन बसलोय. दुपार झालीय. चादर काढली. पाना लावला आणि दोन वेळा खाली ठेवला. तिसऱ्या वेळी त्या सेटिंगचा पहिला बोल्ट सुटला. गंजला नव्हता रे! इतकी वर्षं झाली, तरी गंज चढू दिला नाहीस तू.

मी शेठला फोन केलाय. उद्या सकाळी तो जॉब घेऊन येतोय. मशीन चालेल, शेडही चालेल, अस्मिताचं कॉलेजही होईल. हे सगळं तू असताना व्हायला पाहिजे होतं मिल्या, तू असताना!

उद्या तो दारात उभा राहील. त्याला चहा कोण पाजणार?

ये ना बे. शिव्या दे मले. हाकलून दे त्याले.

ये ना.

जय भीम, मिल्या.