बुडालेल्या छपरावरचा चहा

शेजारच्या किराणा दुकानात फोन आला. निवृत्तीचा पोरगा. “काका, आमचं आबा गेलं.” माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? “असा कसा गेला? होडीला अजून वल्हं न्हाय!” दुकानदार बघतच राहिला. महिना होऊन गेला, पण राग उतरत नाही. झोपेत गेला म्हणे. झोपसुद्धा या माणसानं पुरी केली नाही...

निवृत्ती पळसदेवचा. साखर कारखान्यात आम्ही दोघं फिटर, एकाच पाळीत. पुढं मी बारामतीला आलो. त्याचं जुनं घर उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. धरण भरलं की होडी बरोब्बर त्या घरावर नेऊन थांबवायची आणि स्टोव्हवर चहा करायचा, एवढंच त्याच्या मनात. “छपरावर बसून च्या पाजतो तुला.” कोळ्याच्या होडीतून गेला असता तर दुपारच्या जेवणाला परत! पण नाही. “आपल्या घरी दुसऱ्याच्या होडीनं जायाचं व्हय रं?”

तर होडी स्वतः करायची. धरण काठोकाठ भरायचं तेव्हा कारखान्याचा हंगाम, याला मान वर करायला सवड नाही. उन्हाळ्यात कारखाना बंद, निवृत्ती मोकळा, तर पाणी इतकं लांब पळालेलं की बघायला जाताना भाकरी बांधून न्यावी. बुडालेलं देऊळ कोरडं ठणठणीत उभं, आणि हा धुरळ्यात होडी ठोकतोय! पाणी उतरेल तसा हुरूपही उतरायचा.

त्यात ते नारळ. दर उन्हाळ्यात कामाला हात लावण्याआधी नारळ फोडून अख्ख्या आळीला खोबरं वाटायचा. लोक म्हणायचे, “वा निवृत्तीराव, झालीच की होडी!” शाबासकी आधीच पदरात, मग खिळे कोण ठोकणार? एकदा होडीत कोंबडी अंड्यावर बसली. हा म्हणाला, “पिल्लं निघूंदे, मग बघू.” आज निम्मा इंदापूर तालुका त्या कोंबडीच्या वंशाचा रस्सा ओरपतो, होडी मात्र जमिनीवरच.

गेल्या उन्हाळ्यात मी भडकलो. “औंदा नारळ फोडायचा न्हाय. होडी पाण्यात उतरली की फोड.”

“आन् न्हाय उतरली तर?”

“तर माझ्या डोस्क्यात फोड!”

तो हसला नाही. कुणाला न सांगता कामाला बसला. फळ्या बसल्या, फटींत डांबर भरलं. राहिलं फक्त वल्हं, आणि कारखान्याचं बोलावणं आलं. “अरं, एका दुपारचं काम हाय!” मी ओरडलो. “व्हय की. येत्या सुट्टीला.”

परवा पळसदेवला गेलो. पाणी पार बांधाला लागलेलं. लिंबाखाली होडी, आत रॉकेल भरलेला स्टोव्ह, पुढच्या फळीवर नारळ. मी उचलून हलवला. पाणी आटून आतला गोटा सुटलाय, खडखड वाजतो...

“घिऊन जावा, भावजी,” वहिनी म्हणाल्या. “हितं ठिवून काय करायचं?”

नारळ होता तिथं ठेवला. “वहिनी, त्याचा रंधा कुठं हाय?”